पहिल्यातून दुसऱ्यात

आमच्या गल्लीत एखाद्या घरात चोर शिरला तर कुणी दार उघडणार नाही. पण गाडीचं बॉनेट उघडा, घटकाभरात गर्दी. हाताची घडी घालून, पोट पुढे काढून एकेक जण येतो, इंजिनाकडे बघतो, 'हं' म्हणतो, आणि मग जे सुरू होतं त्याला इथे इंडियानात शेजारधर्म म्हणतात. मी त्याला दुसरं नाव ठेवलंय. ते मी बायको घरात नसतानाच घेतो.

माझं नाव वेंडेल. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. म्हणजे लोकांनी आपल्या हातानं जी वाट लावून घेतलेली असते ती जाऊन बघायची आणि गंभीर चेहऱ्यानं लिहून घ्यायची. त्यामुळे मूर्खपणा काय असतो हे मला शिकवायची गरज नाही. आणि माझा राग कुणावर आहे तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे शोधत बसायला नको. सगळ्यांवर आहे.

झालं असं, की यंदा मक्याच्या जत्रेच्या मिरवणुकीत पहिल्या गाडीत बसायचा मान आमच्या सासूबाईंना मिळाला. ओपल त्यांचं नाव. उभं आयुष्य त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं. गावातला आज टक्कल पडलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी ताट घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलाय आणि कुस्करलेले बटाटे टाकले म्हणून बोलणी खाऊन गेलाय. त्यामुळे मान योग्यच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, की बसेन तर फ्लॉइडच्या गाडीत बसेन, नाहीतर घरी बसेन. फ्लॉइड म्हणजे माझे सासरे. ते गेले आणि त्यांची अडुसष्ट सालची उघड्या टपाची गाडी माझ्या बायकोकडे, लोरेटाकडे आली, म्हणजे माझ्या गॅरेजमध्ये आली. मेहुण्यानं, ड्वेननं, लगेच आपला ट्रॅक्टर आणि गवताच्या पेंढ्यांनी सजवलेली गाडी देऊ केली. सासूबाई म्हणाल्या, "मी गवतावर बसायला गाय नाही." विषय संपला. त्यांच्या कमरेचं हाड आधीच एकदा जोडलेलं, पुढच्या जत्रेपर्यंत आपण असू-नसू असं त्या स्वतःच सहज बोलून दाखवतात. आणि एकदा 'घरी बसेन' म्हटलं की त्या घरीच बसतात. तेव्हा सगळा भार त्या गाडीवर होता.

आणि गाडीचं असं, की पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना ती विचार करायची. गिअर आपोआप पडणारी गाडी, आपण नुसतं बसायचं. पण पहिला गिअर सुटायचा, इंजिन उगाच आवाज चढवायचं, गाडी कुणाची तरी परवानगी मागत असल्यासारखी रेंगाळायची, आणि मग दुसरा इतक्या हळूच पडायचा की पडला हे कळायचंही नाही. मला वाटलं, संपली ही. भर मिरवणुकीत, बँकेसमोर, सासूबाई वर बसलेल्या असताना बंद पडणार आणि ड्वेनचा ट्रॅक्टर येऊन आम्हाला ओढत नेणार. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी बॉनेट उघडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिला आला व्हर्नन. समोर राहतो, अग्निशमन दलातून निवृत्त झालाय आणि तेव्हापासून विझवायला काही शोधत असतो. मग गिल, कुंपणापलीकडचा. बोटी विकतो. दोघांनी 'हं' केलं. व्हर्नननं निदान सांगितलं, की शिफ्ट किट घालावं लागेल. गिल म्हणाला, अर्थातच. मी विचारलं, ते काय असतं, तर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की हा लोरेटाला कुठे भेटला.

शिफ्ट किट म्हणजे, तर, एक पुडकं असतं. त्यात काही स्प्रिंगा, भोकं पाडलेली पत्र्याची चकती, लोखंडी गोळ्या आणि एक सूचनांचा कागद. ते गिअरबॉक्सच्या पोटात घातलं की तेलाचा जोर बदलतो आणि गिअर रेंगाळायचा थांबून चटकन पडतो. त्याचे तीन प्रकार. पहिला साध्या माणसांचा. दुसरा मागे बोटी-बिटी ओढणाऱ्यांचा. तिसरा शर्यतीवाल्यांचा. व्हर्नन दुसऱ्याचा, कारण तो बोट ओढतो. गिल तिसऱ्याचा, कारण तो गिल आहे. पहिल्याचं नावही कुणी काढेना. मीच काढलं, तर गिल म्हणाला की ते केस सेट करायला जाणाऱ्या बायकांच्या गाडीत घालतात. यावर तासभर वाद झाला. आमचे पाद्रीबाबा रस्त्यानं चालले होते, तेही वळले. मला वाटलं हे तरी मध्यममार्ग सांगतील. त्यांनी हाताची घडी घातली, इंजिनाकडे प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, देवानं एवढ्या घोड्यांची ताकद दिली ती दाबून ठेवायला नाही. तिसरं घाल.

मला पहिलंच हवं होतं. हे मी आज ठणकावून सांगतो, कारण नंतर गावात वेगळं पसरवलं गेलं. मी दुकानात गेलो तो पहिलं घ्यायला गेलो.

शनिवारची सकाळ, दुकानात ही रांग. काउंटरवरच्या माणसाला हळू बोलता येत नव्हतं, किंवा हळू बोलायचं नव्हतं. त्यानं खड्या आवाजात विचारलं, गाडी कशासाठी वापरता? मी विम्यातला माणूस, प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय. म्हटलं, सासूबाईंना मिरवणुकीत न्यायचंय, शाळेच्या बँडच्या मागून, चालत्या माणसाच्या वेगानं. कुणीतरी खोकलं. मागून एक जण अगदी सहानुभूतीनं म्हणाला, "मग पायीच न्या की, शिफ्ट किट घालून." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग आला की मी ओरडत नाही, सावकाश बोलतो. मी अगदी सावकाश सांगितलं, "तिसरं द्या." मागच्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत मला आपण काही तरी जिंकलोय असं वाटत होतं.

मध्येच ते समितीचं सांगायचं राहिलं. मिरवणूक समितीच्या अध्यक्ष बर्निसबाई. गळ्यात शिट्टी. त्यांच्या नियमांना अंत नाही. चालकानं सुरक्षा बैठकीला हजर राहिलं पाहिजे. बँड आणि गाडी यात ठरावीक अंतर, ना कमी ना जास्त. गाडीतून टॉफ्या फेकायच्या नाहीत, कारण गेल्या वर्षी एक टॉफी कुणाच्या तरी कवळीला लागली. मानकऱ्यानं सीटवर नाही, मागे दुमडलेल्या टपावर उंच बसायचं, लोकांना दिसलं पाहिजे. आणि पडू नये म्हणून धरायला पट्टा हवा. त्यावर विमा कंपनीचं पत्र. म्हटलं, मीच विमा कंपनीत आहे. बाई म्हणाल्या, मग तुम्हाला सोपंच आहे. मी माझ्याच ऑफिसातून माझ्याच कंपनीला फोन लावला. अर्धी दुपार कानाला फोन लावून ते थांबून राहायचं संगीत ऐकत बसलो. शेवटी ज्या मुलीनं फोन उचलला, ती माझ्या टेबलामागच्या फळीपलीकडे बसते. तिचा आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत होता. ती म्हणाली, हा विभाग आमचा नाही.

किट घालायच्या दिवशी व्हर्नन आणि गिल आपापल्या घडीच्या खुर्च्या आणि बर्फात घातलेली बिअर घेऊन माझ्या गॅरेजमध्ये येऊन बसले. मदतीला. मी गाडीखाली, ते खुर्चीत. तेल धरायला भांडं हवं, म्हणून मी हाताला लागलं ते घेतलं. ते लोरेटाचं थँक्सगिव्हिंगला टर्की भाजायचं भांडं होतं, हे मला नंतर कळलं, आणि ज्या पद्धतीनं कळलं ते सांगण्यासारखं नाही. गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट खाली आलं, त्याबरोबर लाल तेलाचा लोट माझ्या बाहीतून काखेत गेला. भांडं भरून वाहिलं. गोळ्या टणाटण उड्या मारत फ्रीझरखाली गेल्या. व्हर्नन वरून म्हणाला, सावकाश. मला त्याच्या खुर्चीचे पाय दिसत होते आणि ते ओढावेत असं फार वाटलं.

सूचनांच्या कागदात लिहिलं होतं की जुन्यातल्या काही गोळ्या परत घालू नका. गिल म्हणाला, कागद लिहिणारा गाढव आहे. व्हर्नन म्हणाला, आमच्या दलात कधीही काही मागे सोडत नसत. मी कागदाचं ऐकलं. सगळ्या भानगडीत तेवढी एक गोष्ट मी कुणाचं न ऐकता केली आणि ती बरोबर ठरली. तिचं आजवर कुणी नाव घेतलेलं नाही.

मग आम्ही तिघं चक्कर मारायला निघालो. कोपऱ्याआधी दुसरा गिअर पडला. पडला म्हणजे काय, मागून कुणी लाथ घातली. माझा चष्मा पायात. गिलची बिअर माझ्या सीटवर. व्हर्नन मागे आडवा झाला आणि आडव्यानंच हसत होता. गिलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, आता ही गाडी झाली. घरी बारसं असल्यासारखे दोघांचे चेहरे. मीही, खोटं कशाला बोलू, त्या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत खूश होतो.

मग लोरेटा बसली. परत आली ती मानेला हात लावून. गाडीतून उतरली, दार हळूच लावलं आणि म्हणाली, "आई मागे टपावर बसणार आहे, वेंडेल. एका पट्ट्याला धरून." एवढंच बोलून आत गेली. मी तिच्या मागे सांगत राहिलो की दोन सीटांच्या मधला दांडा खाली ओढून ठेवला की गाडी पहिल्यातच राहते, दुसरा पडतच नाही, मग धक्का कुठला. तिनं ऐकून घेतलं. तिनं ऐकून घेतलं की मला जास्त भीती वाटते.

म्हटलं, जाऊ दे, जुन्या स्प्रिंगा परत घालू. झाला तेवढा तमाशा पुरे. गेलो गिलकडे, कारण त्यानंच त्या एका डब्यात उचलून ठेवल्या होत्या. गिल म्हणाला, "त्या होय? कचऱ्याची गाडी आली होती, टाकल्या. जुनं कशाला साठवतोस?" मी इतका सावकाश बोललो की तो मध्येच घरात निघून गेला. मिरवणूक दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी ड्वेनचा फोन आला, आवाजात मध. म्हणाला, ट्रॅक्टर धुऊन ठेवलाय, नाहीतरी तुमच्या मागेच माझा नंबर आहे, काही लागलं तर हाक मार.

सकाळी सासूबाईंना आणायला मी एकटाच गेलो. निळा पोशाख, केस सेट केलेले, छातीवर फुलांचा गुच्छ, हॅट. काठी टेकत आल्या, गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि पुढच्या सीटवर बसल्या. मिरवणूक शाळेच्या मागच्या मैदानातून निघायची, तिथवर त्या पुढेच बसणार होत्या. मी दांडा खाली ओढून पहिल्यात निघालो. इंजिन रडत होतं. मोठ्या रस्त्यावर मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न धरला तो सोडेचना. डोक्यात तिडीक गेली, आणि हाताला जन्माची सवय, हातानं दांडा नेहमीच्या जागी ढकलला.

धाड.

हॅट उडून काचेवर. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पुढचा डॅशबोर्ड धरला. मी गाडी कडेला घेतली. मला फक्त त्यांचं कमरेचं हाड दिसत होतं. त्यांनी हॅट उचलली, झटकली, मांडीवर ठेवली.

"फ्लॉइडनंही हेच घातलं होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं धक्क्यानं काही तरी बोलतायत. मी म्हटलं, "आई, दुखतंय का कुठे?"

"दुखत नाहीये. ऐक." आणि त्यांनी सांगितलं. गाडी नवी होती तेव्हा मित्रांच्या नादानं फ्लॉइडनं शर्यतीचं किट घातलं. त्या रविवारी चर्चच्या जेवणाला त्या चिकन-नूडल्सचं भलं मोठं पातेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसरा गिअर पडला आणि सगळा रस्सा पांढऱ्या पोशाखावर. त्या तशाच चर्चमध्ये जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. दुसऱ्या दिवशी फ्लॉइड गाडीखाली शिरला. हिवाळाभर स्प्रिंगा बदलून बदलून बघत होता. दर वेळी त्यांना शेजारी बसवायचा, मांडीवर पाण्यानं भरलेलं पातेलं द्यायचा आणि गल्लीतून फेरी मारायचा. पाणी हललं की पुन्हा गाडीखाली. "गल्लीतले हसायचे त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, फ्लॉइड, तुझी गाडी झोपलीय. तो म्हणायचा, झोपू दे."

मी ऐकत होतो. म्हणजे गाडी आजारी नव्हतीच. त्या माणसानं एक अख्खा हिवाळा खर्चून तिला जे शिकवलं होतं ते मी उपटून काढलं होतं, आणि गिलनं ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं. मला भयंकर राग आला. गिलचा, व्हर्ननचा, पाद्रीबाबांचा, आणि खरं सांगायचं तर सासूबाईंचाही.

"मग आई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुणाकुणाला विचारलंस?"

त्याच म्हणाल्या, "सगळ्या गल्लीला विचारलंस. दुकानातल्या रांगेला विचारलंस. लोरेटा म्हणाली मला. त्यातलं कोण बसणार होतं रे या गाडीत?"

माझा रागाचा धंदा असा आहे की समोर कुणीतरी लागतं, आणि त्या क्षणी कुणीच उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आई, चुकलं. घरी सोडतो तुम्हाला. नाहीतर ड्वेनला सांगतो, पेंढ्यांवर गादी टाकू, उशा लावू."

त्यांनी हॅट डोक्यावर बसवली, पिन खोचली. म्हणाल्या, "बँड खोळंबलाय. चल. पहिल्यात."

मैदानात बर्निसबाई शिट्टी तोंडात धरून उभ्याच होत्या. सासूबाई पुढे बसलेल्या बघून धावत आल्या. म्हणाल्या, मानकरी मागे, टपावर, नियम आहे, लोकांना दिसायला हवं. इथे मात्र माझा राग योग्य घरी पोचला. मी अगदी सावकाश म्हटलं, "बाई, या इथेच बसतील. माझ्या शेजारी. ज्याला दिसणार नाही त्यानं वाकून बघावं." बाईंच्या तोंडातून शिट्टी पडली. सासूबाई समोर बघत होत्या.

आणि लोकांनी वाकून बघितलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना बसलेली माणसं खुर्च्यांवरून उठून गाडीच्या दारापाशी येऊन "ओपलबाई" म्हणून हाका मारत होती. एक चांगला पोट सुटलेला गृहस्थ ओरडून म्हणाला, बटाटे खातो हं आता. त्या सगळ्यांना हात करत होत्या. बँड पुढे सरकला की मध्ये अंतर पडायचं, मी पहिल्यातच गाडी दामटायचो, इंजिन गुरासारखं हंबरायचं.

बँकेच्या कोपऱ्यावर आमची गल्ली खुर्च्या टाकून बसली होती. व्हर्नन, गिल, पाद्रीबाबा. इंजिनाचा आवाज ऐकून तिघंही उभे राहिले. गिलनं दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडला, वेंडेल, दुसऱ्यात टाक. व्हर्नन ओरडला, इंजिन जळेल. पाद्रीबाबा दोन बोटं वर करून दाखवत होते. त्यांचं बघून शेजारचे ओरडू लागले, मग पलीकडचे. घटकाभरात अख्खा कोपरा 'दुसरा, दुसरा' करायला लागला. मागून ड्वेनचा हॉर्न, त्याच्यामागून बर्निसबाईंची शिट्टी. सगळं गाव मला एकच गोष्ट सांगत होतं. माझा हात दांड्यावर होता.

सासूबाईंनी उजवा हात लोकांना करणं थांबवलं नाही. डावा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"ओरडू दे," त्या म्हणाल्या.

मी दांडा हलवला नाही. इंजिन बोंबलत होतं, गाव बोंबलत होतं, आणि मी गाडी शेवटपर्यंत पहिल्यातच नेली.